जुगाराच्या उपचारानंतर घरी आल्यावर: पैसा, फोन, देणी आणि पहिलं वर्ष

व्यसनमुक्ती केंद्रात असेपर्यंत फोन आणि पैसे, दोन्ही हाताशी नसतात. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते दोन्ही परत मिळतात, आणि इतके दिवस फाटकाबाहेर थांबलेली देणीही दारात येतात. दारू प्यायलेला माणूस घरच्यांना वासावरून, चालीवरून कळतो. जुगाराला वास नाही. माणूस शेजारी बसून मॅच बघत असतो आणि त्याच वेळी फोनवर सेशन (ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरची पैज) लावून महिन्याचा पगार घालवतो. म्हणून घरी आल्यानंतरची घडी मनाच्या निश्चयावर सोडू नका. पैसा कुठून आला, कुठे गेला, हे दुसऱ्या कोणाला तरी सहज दिसेल अशी ती बसवायची.

पुन्हा खेळण्यामागे मजा हे कारण क्वचितच असतं. "एकदाच मोठा डाव लागू दे, सगळ्यांचं देऊन टाकतो आणि मग कायमचं बंद", हा विचार बहुतेकांना परत नेतो. कर्ज झटपट फेडण्याची घाई आणि खेळायची तलफ यांत फरक करता येत नाही. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते देणी सावकाश फेडण्याच्या बाजूचं आहे, नातेवाइकांना ते कितीही खटकलं तरी.

डिस्चार्जच्या आधीची बैठक

घरी निघण्याच्या आधी समुपदेशक, तुम्ही आणि घरातली एक जबाबदार व्यक्ती अशी तासाभराची बैठक मागून घ्या. केंद्र स्वतःहून घेत नसेल तर आग्रह धरा. त्यात पाच गोष्टी कागदावर लिहून ठरवायच्या: पैसे कोण सांभाळणार, फोनचं काय करायचं, पहिल्या फॉलोअपची तारीख, औषधं कोणती आणि किती दिवस, आणि देण्यांची आतापर्यंतची यादी. तारीख म्हणजे खरी तारीख आणि वेळ, "येऊ पुढच्या आठवड्यात" नव्हे. पहिला फॉलोअप सात दिवसांच्या आत हवा.

पैसे सांभाळणारी व्यक्ती बायको किंवा नवराच असावा असं नाही. ज्या घरात आधीच मारहाण, धाक किंवा टोकाचा अविश्वास आहे, तिथे ही किल्ली जोडीदाराच्या हातात दिली की रोजची भांडणं पैशांवरून सुरू होतात. अशा वेळी मोठा भाऊ, बहीण, मामा, निवृत्त वडील असं कोणी निवडा. पैसे सांभाळणाऱ्या व्यक्तीला तीन गोष्टी जमायला हव्यात: हिशेब लिहिणं, "नाही" म्हणणं, आणि चारचौघांत टोमणे न मारणं. यातली तिसरी सर्वांत अवघड जाते.

मनोविकारतज्ज्ञांना तुम्ही घेत असलेली सगळी औषधं सांगा, इतर डॉक्टरांची धरून. पार्किन्सनसाठी किंवा पाय अस्वस्थ होण्याच्या त्रासासाठी दिली जाणारी प्रामिपेक्झोल, रोपिनिरोल ही औषधं काही लोकांमध्ये जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात. अॅरिपिप्राझोलबाबतही असं दिसून आलं आहे. यातलं काही चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदला.

पहिले पंधरा दिवस: झोप, चिडचिड आणि जिवाची काळजी

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप न लागणं, हात सतत फोनकडे जाणं, क्षुल्लक गोष्टींवरून संताप येणं, काहीच गोड न लागणं हे होतंच. उपचार फसले असा त्याचा अर्थ नाही. चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद, रोज ठरलेल्या वेळी उठणं आणि पाऊण तास चालणं, एवढं पाळलं तरी झोप हळूहळू सुधारते. दारू मात्र पूर्ण बंद हवी. दोन पेगनंतर कोणताही निश्चय टिकत नाही, आणि पूर्वी पत्त्यांच्या बैठकीत बाटली असायचीच.

यापुढचा भाग घरच्यांनी नीट वाचावा. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि घरी परतल्यानंतरचे दिवस विशेष नाजूक असतात, कारण केंद्रात असताना कर्जाचा खरा आकडा रोज समोर येत नव्हता. "माझ्या विम्याचे पैसे तरी तुम्हाला मिळतील" असं बोलणं, पॉलिसीची कागदपत्रं काढून ठेवणं, वस्तू वाटून टाकणं, बरेच दिवस घालमेल दिसल्यावर अचानक शांत होणं, ही लक्षणं आहेत. दिसली तर सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. शेतीच्या घरात कीटकनाशक आणि तणनाशक घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. झोपेच्या गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच आणा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष धोका असेल तर ११२ लावा किंवा थेट रुग्णालयात न्या. पोलीस केस होईल या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला रुग्ण मानतं आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं.

फोन

फोन काढूनच घ्यावा असं अनेक घरांत ठरतं आणि दहा दिवसांत ते मोडतं, कारण नोकरी, मुलांच्या शाळेचा ग्रुप, गॅसचं बुकिंग, सगळं फोनवर आहे. त्यापेक्षा सिमची अदलाबदल चांगली चालते.

बँकेला आणि आधारला जोडलेलं जुनं सिम एका साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. तो फोन पैसे सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे राहील. ओटीपी तिथेच येतील: बँकेचे, पीएफचे, कर्ज देणाऱ्या ॲपचेही. तुमच्या स्मार्टफोनमध्ये नवं सिम, आणि तो नंबर घर, कामाची जागा, केंद्र आणि मोजक्या चार लोकांना. यूपीआय चालू करताना बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, त्यामुळे नव्या सिमवर तुमचं यूपीआय आपोआप अडतं. शिवाय बुकीचे, "आयडी" (सट्ट्याच्या साइटचं लॉगिन) देणाऱ्यांचे आणि जुन्या मित्रांचे फोन बटणांच्या फोनवर येतात आणि तिथेच थांबतात. जुनं व्हॉट्सॲप खातं मात्र नंबर बदलण्याच्या सोयीने नव्या नंबरवर नेऊ नका, कारण ग्रुपही मागोमाग येतात. ते खातं बंद करा आणि नव्याने सुरू करा.

मग फोनची सफाई, कोणाला तरी शेजारी बसवून. सगळी यूपीआय आणि वॉलेट ॲप, कर्जाची ॲप, ट्रेडिंगची ॲप, टेलिग्राम काढा. ॲप काढण्यापूर्वी यूपीआय ऑटोपेमध्ये कोणाला परवानगी दिलेली आहे ते बघून रद्द करा. नुसतं ॲप उडवल्याने कपात थांबत नाही. क्रोममधले साठवलेले पासवर्ड आणि इतिहास पुसा. सट्ट्याची ॲप प्ले स्टोअरवर नसतात, ती लिंकवरून एपीके फाइल म्हणून येतात, तेव्हा सेटिंगमध्ये "अनोळखी स्रोतांवरून इन्स्टॉल" ही परवानगी ब्राउझर, व्हॉट्सॲप, फाइल मॅनेजर अशी प्रत्येकाची तपासून बंद करा. बेटब्लॉकर नावाचं मोफत ॲप जुगाराच्या हजारो साइट अडवतं. मुदत निवडताना कमीत कमी वर्षाची निवडा. रोज नवे डोमेन उघडणाऱ्या साइट त्यातूनही निसटतात, त्यामुळे यावरच विसंबू नका. गूगलच्या जाहिरात सेटिंगमध्ये जुगाराच्या जाहिराती कमी करण्याचा पर्याय आहे, तो वापरा. १९०९ ला "स्टार्ट ०" असा मेसेज रोमन लिपीत पाठवला की प्रचाराचे फोन आणि मेसेज बरेच घटतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात रमी, फँटसी क्रिकेट सगळं आलं, त्यांची जाहिरात आणि पैसे वळवणंही आलं. मोठी ॲप थांबली. पण "आयडी" पुरवणारे व्हॉट्सॲपवर आहेतच, म्हणून कायदा झाला म्हणजे प्रश्न मिटला असं घरच्यांनी समजू नये. बंद पडलेल्या ॲपमध्ये तुमची काही शिल्लक असेल तर ती आत्ताच सांगा आणि पैसे सांभाळणाऱ्या व्यक्तीसमोर काढून घ्या. तीन महिन्यांनी अवचित खात्यात आलेले चार हजार घात करतात.

पैसा हातात किती, कसा

"जॉइंट खातं काढलं" एवढ्याने काही होत नाही. "आयदर ऑर सर्व्हायवर" खात्यातून दोघांपैकी कोणीही एकटा पैसे काढू शकतो. पगाराचं खातं तुमच्याच नावावर राहू द्या, पण पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रोजच्या खर्चाएवढी रक्कम सोडून बाकी सगळी पैसे सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात जाईल अशी कायमची सूचना बँकेत देऊन ठेवा. पगाराची तारीख मागेपुढे होत असेल तर सूचना दोन दिवस उशिराची ठेवा, नाहीतर शिल्लक नसल्याने ती फसते आणि पैसे खात्यातच पडून राहतात. कार्डाची एटीएम मर्यादा बँकेने ठेवू दिलेल्या किमान आकड्यावर आणा, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करा, आणि नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्याने बदलून त्याच्याकडे ठेवावा.

रोजची रक्कम रोख द्या. शहरात कामावर जाणाऱ्याला पास काढलेला असेल तर दिवसाला शंभर-दीडशे पुरतात. आठवड्याची रक्कम एकदम देऊ नका. यूपीआयशिवाय कामच होत नसेल तर यूपीआय सर्कल ही सोय बघा. त्यात घरातली व्यक्ती मुख्य आणि तुम्ही दुय्यम वापरकर्ता होता. एका प्रकारात तुमचा प्रत्येक व्यवहार तिने मंजूर केल्यावरच जातो. दुसऱ्यात महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी कमाल ५,००० रुपयांपर्यंत मर्यादा घालून देता येते. पहिलं वर्ष पहिल्याच प्रकाराने काढा. तुमच्या बँकेत आणि ॲपमध्ये ही सोय आहे का ते आधी पाहून घ्या.

आता ज्या वाटा लोक विसरतात. क्रेडिट कार्ड परत करा, मर्यादा कमी करून ठेवू नका. बँकेच्या ॲपवर दोन मिनिटांत मिळणारं "प्री-अप्रूव्ड" कर्ज ही सर्वांत धोक्याची वाट. शाखेत लेखी अर्ज देऊन ती ऑफर काढून टाकायला सांगा आणि पोच घ्या. "आता घ्या, नंतर द्या" प्रकारची खाती बंद करा. दागिने आणि लॉकरची किल्ली दुसरीकडे, कारण सोनेतारण अर्ध्या तासात होतं. विम्याच्या पॉलिसीवर, ठेवींवर, पीएफवर उचल मिळते, म्हणून ते कागद आणि लॉगिन सोपवा. भिशी चालू असेल तर नंबर लागल्यावर रक्कम कोणाच्या हातात द्यायची ते भिशीवाल्याला आधीच सांगा. पतसंस्थेत किंवा पिग्मीच्या वसुलीवर काम करत असाल, दुकानाच्या गल्ल्यावर बसत असाल, तर कमीत कमी सहा महिने रोख हाताळण्याच्या कामातून बाजूला व्हा. मालकाला कारण किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण "औषधं चालू आहेत, सध्या कॅशचं काम नको" एवढं सांगता येतं.

शेअर बाजाराबद्दल हमखास वाद होतो. फ्युचर्स-ऑप्शन्स आणि क्रिप्टो हे तुमच्यासाठी जुगारच आहेत, मग त्याला अभ्यास म्हणा की बिझनेस. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांतल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. ट्रेडिंग खात्यातला डेरिव्हेटिव्ह (म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचा) विभाग बंद करायला ब्रोकरला लेखी कळवा. घरखर्चाच्या खात्यातून म्युच्युअल फंडाची एखादी एसआयपी (दरमहा ठरलेली गुंतवणूक) आधीपासून चालू असेल तर ती दुसऱ्याने बघावी. रोज एनएव्ही (फंडाच्या युनिटचा भाव) पाहणं हीसुद्धा तीच सवय आहे.

बुकीला स्वतःचं बँक खातं, कार्ड किंवा सिम "वापरायला" दिलं असेल तर ते लपवू नका. खेळणाऱ्यांकडून घेतलेल्या खात्यांतून लाखोंची उलाढाल होते, मग एक दिवस खातं गोठवलं जातं आणि नोटीस तुमच्या नावाने येते. वकिलाला भेटा, बँकेला लेखी कळवा, सिम बंद करा.

देण्यांची यादी आणि फेडायचा क्रम

एका वहीत रकाने आखा: कोणाचे, मूळ रक्कम, आतापर्यंत दिलेले, व्याज, गहाण काय, जामीनदार कोण, शेवटचा तगादा कधी. बँका आणि वित्त कंपन्यांची कर्जं आठवणीवर सोडू नका. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. दोन तरी काढा, एकात नसलेलं कर्ज दुसऱ्यात सापडतं. हातउसने, सावकार, बुकी आणि सासरकडून घेतलेले पैसे मात्र कुठल्याच अहवालात नसतात.

पहिली यादी जवळजवळ कधीच पूर्ण नसते. एखादं देणं मागे ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा ज्याची सर्वांत जास्त लाज वाटते तेच: मेहुण्याचे, मुलीच्या नावाच्या ठेवीतले, ऑफिसच्या सहकाऱ्याच्या आईच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. ते लपून राहिलं की ते गुपचूप फेडण्यासाठी गुपचूप पैसे लागतात, आणि गुपचूप पैसे एकाच ठिकाणाहून येतात. म्हणून यादी तीनदा करा: डिस्चार्जच्या वेळी, पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनी. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नवं नाव निघालं तर घरच्यांनी त्या दिवशी तरी भडकू नये. भडका उडाला तर चौथं नाव कधीच बाहेर येणार नाही.

घर, शेत किंवा दागिने विकून एकरकमी सगळं फेडून टाकण्याचा मोह घरच्यांना होतो. पहिले सहा महिने असा कोणताही व्यवहार करू नका. एकदम मोकळा झालेला माणूस पुन्हा कर्ज घ्यायला पात्र होतो, ऑफर सुरू होतात, आणि घराची शेवटची शिदोरीही संपलेली असते. तसंच सगळी कर्जं मिटवायला एक मोठं नवं कर्ज घेऊ नका. ती रक्कम खात्यात येण्याचा दिवसच घातक.

क्रम असा ठेवा. आधी घरभाडं, किराणा, वीज, मुलांची फी, औषधं. घेणेकऱ्यांचा दबाव कितीही असला तरी घरखर्च कापून हप्ता भरला की तिसऱ्या महिन्यात सगळं कोलमडतं. मग तारण असलेली कर्जं, कारण घर किंवा सोनं लिलावात जाऊ शकतं. त्यानंतर जामीनदार असलेली पतसंस्थेची कर्जं, कारण नोटीस त्या बिचाऱ्याच्या घरी जाते. मग विनातारण कर्जं. मित्र-नातेवाइकांना सर्वांत शेवटी, पण शून्य नाही: प्रत्येकाला छोटी, ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला.

उदाहरणादाखल, घरात महिन्याला ३२,००० येत असतील तर घरखर्च २१,०००, औषधं आणि फॉलोअपचा प्रवास १,५००, अडीअडचणीसाठी १,५०० आणि देण्यांसाठी ८,०००. त्या आठ हजारांत पतसंस्थेचा हप्ता ४,५००, सोनेतारणाचं व्याज २,००० आणि तीन मित्रांना पाचशे-पाचशे. मित्राचे चाळीस हजार अशाने कधी फिटणार, असं वाटेल. पण सलग सहा महिने पाच तारखेला पाचशे आले की बहुतेक माणसं तगादा सोडतात. अडीअडचणीचे दीड हजार काढून टाकू नका. गाडी पंक्चर झाली, पाहुणे आले की तिथूनच पुन्हा उसनवारी सुरू होते.

बँकेशी स्वतःहून बोला, हप्ता थकून नव्वद दिवस व्हायच्या आत, कारण त्यानंतर खातं एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज, धरलं जातं आणि बोलणी अवघड होतात. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. "सेटलमेंट", म्हणजे कमी रकमेवर कर्ज मिटवणं, केलंत तर अहवालात तशी नोंद राहते. पुढे कर्ज मिळणं त्यामुळे अवघड होतं, आणि तुमच्या बाबतीत ही काही वाईट गोष्ट नाही. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणंही चालत नाही. लेखी तक्रार आधी त्या कंपनीकडे, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी १४४४८. फोटो बदलून धमकावणारं बोगस कर्ज ॲप असेल तर १९३० वर सायबर तक्रार करा आणि एक रुपयाही देऊ नका. पैसे मिळाले की मागणी वाढते.

सावकाराकडे परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात कळतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा जुना नियम कायद्यात कायम आहे. कोरे चेक किंवा सही केलेले स्टॅम्प पेपर दिले असतील तर त्यांचे नंबर आठवून लिहून ठेवा. बुकीच्या उधारीसाठी कोर्टात दावा टिकत नाही, कारण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ३० पैजेचा करार निरर्थक ठरवतं. तो माणसं पाठवून धमकावत असेल तर एकट्याने भेटायला जाऊ नका. पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि कॉल रेकॉर्ड जपा.

तलफ येते तेव्हा

तलफ लाटेसारखी चढते आणि साधारण वीस-तीस मिनिटांत ओसरायला लागते. तेवढ्या वेळात पैसा हाताशी नसला तर ती निघून जाते, म्हणून वरची सगळी खटपट. त्या वेळी एकटे असाल तर जागा बदला, फोन घरात ठेवून बाहेर पडा किंवा ठरलेल्या माणसाला फोन करून एवढंच सांगा: "आत्ता खेळावंसं वाटतंय." समोरच्याने व्याख्यान देऊ नये. "कुठे आहेस? जेवलास का? मी येतो", एवढं पुरे. पोटात भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काय आहे ते पाहा. बऱ्याचदा भाकरी खाऊन झोपल्यावर तलफ राहत नाही.

वर्षाचं कॅलेंडर घेऊन आधीच खुणा करा. पगाराचा दिवस. मार्चअखेर ते मे, आयपीएल. गणपतीत मांडवात रात्री जागरणाच्या नावाखाली पत्त्यांचा फड बसतो. दहा दिवस दिवसाची जबाबदारी घ्या, प्रसाद, आरती, वर्गणीशिवायचं काहीही, आणि रात्री दहाला घरी. दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर "शकुनाचे" पत्ते खेळणाऱ्या घरी जाऊ नका, हळदीच्या रात्रीही तेच. मित्रांची गोव्याची सहल निघाली की पणजीला मांडवीतली कॅसिनो जहाजं ओघाने येतातच; पहिल्या वर्षी अशी सहल टाळा. चहाच्या टपरीवर मटक्याचे ओपन-क्लोजचे आकडे चर्चेला येत असतील तर टपरी बदला. लॉटरीचं तिकीट, "फक्त शंभराची" पैज, कॅरमवर वडापाव, यांतलं काहीही नको. पैसे न लावता खेळायची रमीसुद्धा नको, कारण हाताला तीच लय लागते.

संध्याकाळी सात ते रात्री अकरा हा वेळ पूर्वी खेळानेच भरलेला होता. तो रिकामा ठेवला तर भरून निघणार नाही. कामानंतरचा एखादा क्लास, जिम, मुलांचा अभ्यास, भजनी मंडळ, ओळखीच्याच्या दुकानात दोन तास मदत, काहीही, पण रोज ठरलेलं आणि माणसांमध्ये.

पुन्हा खेळलात तर

चोवीस तासांच्या आत एका माणसाला सांगा, आकड्यासकट. हरलेले भरून काढायला दुसरा डाव टाकू नका. पहिल्या दोन हजारांनी घर बुडत नाही, ते भरून काढायच्या नादात बुडतं. पैसे कोणत्या वाटेने मिळाले ते शोधा आणि ती वाट त्याच दिवशी बंद करा. ॲपवरून कर्ज उचललं असेल तर लगेच करारपत्र बघा: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात किमान एका दिवसाची माघार घेण्याची मुदत असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. केंद्राला फोन करून लवकरची वेळ घ्या. पुन्हा भरती व्हायचं की नाही ते तिथे ठरवा, घरातल्या भांडणात नको. सलग काही दिवस खेळ चालू राहिला, नवी कर्जं निघाली किंवा जिवाचे विचार आले तर भरती होणं योग्य.

घरच्यांसाठी, आणि फॉलोअप

रोज वीस वेळा "खेळलास का?" विचारून खोटं बोलण्याचा सराव तेवढा होतो. खिसे तपासणंही सोडा. त्याऐवजी रविवारी अर्धा तास बैठक: पासबुक, देण्यांची वही, आठवड्याचा खर्च, पुढच्या आठवड्यातले धोक्याचे दिवस. बैठक संपली की आठवडाभर तो विषय काढायचा नाही. जोडीदाराने स्वतःसाठीही आधार घ्यावा. अनेक केंद्रांत कुटुंबीयांचे वेगळे गट असतात. मुलांना वयाला पेलेल एवढं खरं सांगा. ती आधीच बरंच ओळखून असतात.

पहिले तीन महिने दर आठवड्याला, पुढचे तीन पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा समुपदेशकाकडे जा. "आता बरं वाटतंय" म्हणून फॉलोअप सुटतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि लोक घसरतात तेही त्याच सुमारास. १९५७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या गॅम्बलर्स ॲनॉनिमस या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा ऑनलाइनही भरतात. जवळ जुगारासाठी वेगळा गट नसेल तर केंद्राच्या पाठपुरावा गटात बसा. पुण्यात १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली आहे. सगळे दारूबद्दल बोलत असले तरी खोटं बोलणं, लपवणं, पश्चात्ताप हे तेच असतं.

परदेशातल्या मराठी मंडळींना एक जादा साधन आहे: सरकारमान्य स्वयंबंदी. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ पासून बेटस्टॉपवर तीन महिन्यांपासून आजन्म, स्वतःला परवानाधारक ऑनलाइन सट्ट्यातून वगळता येतं. भारतात परतण्यापूर्वी ती मुदत संपू देऊ नका.

हक्क परत कसे द्यायचे

पैशावरचा पहारा कायमचा नसतो. तो कधी उठणार हे माहीत नसलं तर माणूस चोरवाटा शोधतो, म्हणून तारखा आधीच लिहा. तीन महिन्यांनी, वही पूर्ण आणि फॉलोअप चुकलेले नसतील तर, रोजच्याऐवजी आठवड्याची रक्कम. सहा महिन्यांनी किराणा आणि बिलं भरण्याचं काम तुमच्याकडे, पावत्यांसह. वर्षाने कमी मर्यादेचं डेबिट कार्ड आणि नियमित यूपीआय, पासबुक मात्र दर रविवारी उघडं. मध्ये घसरण झाली तर मागच्या एका टप्प्यावर जायचं, पहिल्यापासून नव्हे. क्रेडिट कार्ड, नवं कर्ज आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याची सही या तीन गोष्टी जुनी देणी पूर्ण फिटेपर्यंत थांबतील, मग त्याला चार वर्षं लागोत की सात.